आमचा लॅपटॉप ऑस्ट्रेलियात स्थायिक होतो

जी वस्तू पुण्यात शंभर रुपयांच्या आत मिळते, तिची नक्कल काढायला मस्कतमध्ये अठरा रियाल घालवणारा माणूस अकाउंटंट कसा असू शकतो, असा प्रश्न आमच्या सासूबाईंनी २००९ च्या डिसेंबरात विचारला. मला नाही, लेकीला, स्वयंपाकघरात, पण मला ऐकू जाईल अशा बेताने. एका रियालला तेव्हा एकशे वीसच्या आसपास रुपये पडत. गुणाकार त्यांनी तोंडी केला होता. मी इथल्या एका कंपनीत दुसऱ्यांच्या पैशांचा हिशेब ठेवतो. स्वतःचे पैसेही तसेच सांभाळावेत अशी अट नोकरीच्या करारात नाही.

वस्तू म्हणजे ‘अशी ही बनवाबनवी’ची डीव्हीडी. १९८८ चा हा सिनेमा आखातातल्या मराठी घरात कोणी बघत नाही, तो नुसता चालू असतो. पोळ्या लाटताना, इस्त्री करताना, शुक्रवारी दुपारी जेवणं झाल्यावर, पाहुणे आल्यावर आणि पाहुणे जाईनात तेव्हाही. आमच्याकडे त्याची एक डिस्क होती. ती मी जूनमध्ये एका स्नेह्यांना द्यायला निघालो, मस्कतच्या रुवी भागात गाडी उन्हात लावली आणि दीड तास बँकेत बसलो. मस्कतच्या जूनमध्ये डॅशबोर्डवर काही ठेवू नये हे इथे नव्याने आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यातच सांगतात. मलाही सांगितलं होतं. डीव्हीडी म्हणजे जेमतेम पाऊण-पाऊण मिलिमीटरच्याही आतल्या दोन प्लॅस्टिकच्या चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या. परत आलो तेव्हा त्यांचा तळलेला पापड झाला होता.

डिसेंबरात सासूबाई आल्या त्या भाजणी, मेतकूट आणि साडीच्या घडीत गुंडाळलेली नवी डिस्क घेऊन. घरात आनंद झाला. तो त्यांनी लगेच आवरता घेतला: डिस्क त्यांची होती आणि फेब्रुवारीत त्यांच्याबरोबर परत जाणार होती. “संध्याकाळी मला लागते ती,” त्या म्हणाल्या, रक्तदाबाच्या गोळीबद्दल बोलावं इतक्या गंभीरपणे.

बायको म्हणाली, “अहो, दादाला सांगू या, तो येताना दुसरी आणेल.” २००७ मध्ये मोझर बेअरने व्हीसीडी अठ्ठावीस आणि डीव्हीडी चौतीस रुपयांना विकायला काढल्यापासून भारतात डिस्कचा बाजार इतका उतरला होता की दादाने दोन आणल्या असत्या आणि पैसेही घेतले नसते. मार्ग सोपा होता. म्हणूनच मी तो नाकारला. सासूबाईंसमोर जावयाने काही करून दाखवायचे प्रसंग आयुष्यात फार येत नाहीत. एकदा गॅसचा रेग्युलेटर बसवला होता, त्याला आता बरीच वर्षं झाली होती.

रुवीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानातून मी डीव्हीडी कॉपी करायचं सॉफ्टवेअर आणलं. तकतकीत खोका, त्यावर एका डिस्कमधून दुसरी डिस्क उडत बाहेर पडतानाचं चित्र. एक क्लिक, जशीच्या तशी प्रत, असा मजकूर. त्याबरोबर पन्नास कोऱ्या डिस्कची थप्पी घेतली, कारण सुटी डिस्क महाग पडते. हा निर्णय त्या क्षणी मला व्यावसायिक वाटला.

रात्री जेवणानंतर सगळे लॅपटॉपभोवती बसले. मी सासूबाईंची डिस्क आत सरकवली आणि ती एक क्लिक केली. पडद्यावर अत्यंत सभ्य इंग्रजीत उत्तर आलं: ही डिस्क संरक्षित आहे, निर्मात्यांच्या हक्कांचा मान राखून हे सॉफ्टवेअर तिची प्रत काढणार नाही. दुसरी डिस्क घातली. तेच. मुलांच्या कार्टूनची घातली, तेच. घरात पैसे देऊन आणलेली एकही डिस्क त्या सॉफ्टवेअरला चालेना. “बरंय,” सासूबाई म्हणाल्या, “निदान खोटं तरी बोलत नाही.”

दुसऱ्या दिवशी खोका घेऊन दुकानात गेलो. काउंटरवर एक मलयाळी मुलगा होता.

“सर, प्रोटेक्टेड नहीं करेगा. पीछे लिखा है.”

पीछे लिखा था. चष्मा लावून, तो काढून, खोका दिव्याखाली तिरका धरून वाचलं, लिहिलेलं होतं.

“अरे, पण दुकानात मिळणारी प्रत्येक डीव्हीडी प्रोटेक्टेड असते. मग हे कॉपी कशाची करतं?”

“आप का शादी का करेगा, सर.”

“आमचं लग्न व्हीएचएसवर आहे.”

त्यानंतर तो मुलगा माझ्याशी फार आदराने बोलू लागला. उघडलेला खोका मात्र त्याने परत घेतला नाही.

आता मी पेटलो. आमच्या पिढीचा आखाती माणूस म्हणजे मूळचा व्हीसीआरवाला. एका मशीनची वायर दुसऱ्यात खुपसायची, दोन बटणं एकदम दाबायची आणि जेवायला बसायचं. कॉपी आपली होत राहायची. प्रत थोडी पावसाळी दिसे, पण मिळे. डीव्हीडी काढणाऱ्यांनी नेमकी हीच सोय बुजवून टाकली होती. डिस्कवरचा सिनेमा १९९६ सालापासून सीएसएस नावाच्या सांकेतिक पद्धतीने घुसळून ठेवलेला असतो. तो सरळ करायच्या किल्ल्या डिस्कवरच असतात, पण कडेला नव्हे, आतल्या बाजूच्या अशा पट्टीत की जिथे साध्या फायलींसारखं जाता येत नाही. परवाना घेतलेल्या प्लेअरलाच त्या उघडता येतात. आणि दुकानात मिळणाऱ्या कोऱ्या डिस्कवर ती पट्टी आधीपासूनच वापरून टाकलेली असते, तिथे आपल्याला काही लिहिता येत नाही. म्हणजे तुम्ही डिस्कचा कण न् कण उतरवून घेतलात तरी कुलूप तेवढं घरी येतं, किल्ली दुकानातच राहते. हे सगळं मला नंतर समजलं. आधी समजलं असतं तर मी तरीही तेच केलं असतं, पण जरा कमी लोकांसमोर.

मी काय केलं, तर सॉफ्टवेअर बाजूला ठेवलं, डिस्क उघडली, आतल्या सगळ्या फायली माउसने ओढून लॅपटॉपवर घेतल्या आणि तिथून कोऱ्या डिस्कवर राइट केल्या. लॅपटॉपने हूं की चूं केलं नाही. अर्ध्या तासात प्रत तयार. मी ती सोन्याची अंगठी द्यावी तशी सासूबाईंच्या हातात दिली आणि टीव्हीखालच्या प्लेअरमध्ये घालायचा मान त्यांना दिला.

पडद्यावर हिरवे, गुलाबी आणि जांभळे चौकोन धावू लागले. मधूनच एखाद्या चौकोनात कोणाचं तरी अर्धं कपाळ. आवाज असा की कोणीतरी रेडिओ गिळून गुळण्या करतंय. मुळात ज्या सिनेमात सचिन पिळगावकर आणि पार्वती झालेले लक्ष्मीकांत बेर्डे बायकांच्या वेषात वावरतात, त्यात कोण कोण आहे हे सांभाळणं हीच गंमत. इथे माणूस आणि भिंत वेगळी करता येईना. सासूबाईंनी पाच मिनिटं मन लावून पाहिलं. “ह्यात पार्वती कुठली?” त्यांनी विचारलं. खवचटपणे नाही, खरंच.

मग मी दोष प्रदेशावर ढकलला. डीव्हीडीच्या कंपन्यांनी पृथ्वीची प्रदेशांत वाटणी केलेली आहे, आणि एका प्रदेशाची डिस्क दुसऱ्याच्या यंत्रात चालू नये अशी व्यवस्था आहे. प्रदेश एक म्हणजे अमेरिका आणि कॅनडा. दोनमध्ये युरोप, जपान, दक्षिण आफ्रिका आणि आम्ही आखातवाले. भारत पाचमध्ये, रशिया आणि बाकीच्या बहुतेक आफ्रिकेबरोबर. विमानं आणि बोटी यांच्यासाठी आठवा प्रदेश वेगळा. म्हणजे सासूबाई मुंबईहून अडीच तासांत आल्या खऱ्या, पण तेवढ्यात त्या पाच, आठ आणि दोन असे तीन प्रदेश ओलांडून आल्या होत्या. ज्या मस्कतमध्ये १९७० पर्यंत रुपया चालत होता, आपल्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा छापलेला, ते मस्कत डिस्कच्या नकाशात मुंबईला परकं आणि टोकियोला शेजारी. हे ज्याने आखलं त्याने अरबी समुद्र कधी पाहिला नसावा.

तर माझा सिद्धान्त असा: लॅपटॉप ओमानी, डिस्क भारतीय, म्हणून चौकोन. लॅपटॉपच्या ड्राइव्हचा प्रदेश बदलता येतो हे मी शोधून काढलं. तिथे एक खिडकी उघडते, देशांची यादी येते आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की अजून इतक्या वेळा बदल करता येईल. २००० सालापासूनच्या कॉम्प्युटर ड्राइव्हना ही सवलत पाचदाच मिळते. पाचव्या वेळी जो प्रदेश निवडाल तो त्या ड्राइव्हला जन्माचा चिकटतो. मी भारत निवडला, काही फरक पडला नाही. ओमानवर परत आलो. मग न्यू जर्सीच्या मेहुणीने मुलांसाठी पाठवलेली, इतके दिवस न चाललेली सिनेमाची डिस्क आठवली, म्हणून अमेरिका करून पाहिली. चालली! मुलांनी टाळ्या वाजवल्या. उत्साहात पुन्हा ओमान. दर वेळी खालचा आकडा एकाने उतरत होता, आणि मला ते बरं लक्षण वाटत होतं. हिशेबात एखादी रक्कम उतरताना दिसली की आमच्या धंद्यातला माणूस देणी फिटताहेत असंच समजतो.

शेवटचा बदल मी सिडनीच्या आतेभावाने पाठवलेल्या क्रिकेटच्या डिस्कसाठी केला. प्रदेश चार. ‘ओके’ दाबलं. यादी करडी झाली आणि परत काळी झाली नाही.

आमचा लॅपटॉप त्या रात्री ऑस्ट्रेलियात स्थायिक झाला. मला तेव्हा ओमानचा रेसिडेन्स दर दोन वर्षांनी नवा करावा लागे, त्यासाठी वैद्यकीय तपासणी, बोटांचे ठसे, कंपनीच्या माणसाची मनधरणी. आणि त्या यंत्राला घरबसल्या, रक्त न देता, कायमचं वास्तव्य मिळालं. आतेभावाला हे फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “मला पीआरला पाच वर्षं लागली रे.”

हे सगळं आटोपल्यावर मुलीने सासूबाईंच्या डिस्कचं वेष्टन पालथं करून दाखवलं. तिथे ‘ऑल रीजन’ असं छापलेलं होतं. भारतात निघणाऱ्या कितीतरी डिस्कवर तसं असतं. ती डिस्क पहिल्यापासून सगळ्या जगात चालत होती. फक्त तिची प्रत निघत नव्हती, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नव्हता.

तिसऱ्या मजल्यावर एका तमिळ कुटुंबातला इंजिनीअरिंगचा मुलगा सुट्टीवर आला होता. त्याने माझी कहाणी ऐकली आणि जे सांगितलं त्याने मी आणखी खचलो. हे सीएसएसचं कुलूप अवघ्या चाळीस बिटांचं होतं, आणि १९९९ मध्येच ते फुटलं होतं. ज्या प्रोग्रामने फोडलं, त्याच्याशी नाव जोडलं गेलं ते नॉर्वेच्या यॉन लेक योहानसनचं, वय वर्षं पंधरा. त्याच्यावर खटला झाला. २००३ च्या जानेवारीत ऑस्लोच्या न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं, सरकारने अपील केलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरात तो परत सुटला. स्वतःची विकत घेतलेली डिस्क स्वतः पाहण्यासाठी उघडणं हा गुन्हा नाही, असं ठरलं. अमेरिकेत तर लोकांनी तो प्रोग्राम टी-शर्टवर छापून अंगात घातला.

“पंधरा वर्षांच्या पोराला जमलं,” बायको म्हणाली. पुढचं वाक्य तिने बोलायची गरज नव्हती आणि ती बोललीही नाही.

मुलगा म्हणाला, “अंकल, नेटवर फुकट सॉफ्टवेअर आहेत, दोन मिनिटांचं काम.” इथे मात्र माझ्यातला अकाउंटंट जागा झाला, त्याला उशीर झाला असला तरी. मी त्या सॉफ्टवेअरांची चौकशी सुरू केली तर तो सगळा मृत्युलेखांचा रकानाच निघाला. अमेरिकेत ३२१ स्टुडिओज नावाच्या कंपनीने असंच कॉपीचं सॉफ्टवेअर दुकानांतून राजरोस विकलं होतं. कंपनीचं म्हणणं माझ्याच मनातलं: गिऱ्हाइकाने पैसे देऊन घेतलेल्या डिस्कची एक प्रत जपून ठेवली तर बिघडलं काय? २००४ च्या फेब्रुवारीत न्यायाधीश सुझन इल्स्टन यांनी निकाल दिला की गिऱ्हाईक त्या प्रतीचं काय करणार हा प्रश्न वेगळा; कुलूप फोडायचं अवजार विकणंच बेकायदा. ऑगस्टपर्यंत कंपनीला टाळं लागलं. पुढच्या वर्षी एक नावाजलेलं फुकट सॉफ्टवेअरही बंद पडलं. मग मला कळलं की माझा खोका इतका सभ्य का होता. जे खोके सभ्य नव्हते ते दुकानात उरलेच नव्हते.

आणि आमच्या ओमानमध्ये? २००८ मध्ये शाही फर्मान ६५/२००८ ने कॉपीराइटचा नवा कायदा आला, आणि १ जानेवारी २००९ पासून अमेरिकेबरोबरचा मुक्त व्यापार करार लागू झाला. खजूर, ॲल्युमिनिअम आणि कापडाबरोबर त्या करारातून अमेरिकेचा हा कुलपाचा नियमही रुवीत येऊन पोचला होता: प्रत कशासाठी काढता ते राहू द्या, संरक्षण मोडणं हेच मुळात बेकायदा. भारतात असं कलम आलं ते २०१२ च्या दुरुस्तीत, आणि ते निदान माणसाचा हेतू तरी विचारतं. माझा हेतू शुद्ध होता. मी तो चुकीच्या देशात आणि तीन वर्षं आधी बाळगला. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाने मला खूप समजावलं की तुमच्या सासूबाईंच्या डिस्कसाठी कोणी येणार नाही. बरोबरच होतं त्याचं. पण ‘शाही फर्मान’ हे दोन शब्द वाचल्यावर ज्याच्या पासपोर्टावर परक्या देशाचा शिक्का आहे त्या माणसाला धाडस सुचत नाही. लोक याला प्रामाणिकपणा म्हणतात. मी त्यांना म्हणू देतो.

प्रामाणिकपणाचं पुढे काय होतं ते शेजारच्या गृहस्थांनी दाखवलं. सुट्टीवरून येताना त्यांनी फुटपाथवरून एक डिस्क आणली होती. पाच सिनेमे एकीत, वेष्टनावरचं चित्र भलत्याच सहाव्या सिनेमाचं. “बघा तुमच्या सॉफ्टवेअरला चालते का,” म्हणाले. मी घातली. एक क्लिक. माझ्या सभ्य, कायद्याचा मान राखणाऱ्या, अठरा रियालांच्या सॉफ्टवेअरने ती चोरीची डिस्क अकरा मिनिटांत, एक शब्द न बोलता, जशीच्या तशी उतरवून दिली. कारण चोराने कुलूप आधीच काढून टाकलेलं होतं, आणि सॉफ्टवेअर कुलूप पाहतं, चोर पाहत नाही. डिस्कच्या बंदोबस्ताचा हा सगळा खेळ मला तेव्हा कळला. तो दुकानातून पावती घेऊन येणाऱ्या माणसासाठी आहे. फुटपाथवाल्याच्या वाटेत तो कधी आलाच नाही. ती प्रत मी मोडून टाकली. शेजारी म्हणाले, “अहो, मला द्यायची होतीत.”

आता उरल्या बऱ्याच कोऱ्या डिस्क, एक ऑस्ट्रेलियन लॅपटॉप आणि सोळा रियालांची, म्हणजे सोळा हजार बैशांची, हळहळ. दोन रियाल मी शिकवणीखाती टाकले होते. दुकानातल्या मुलाचं वाक्य आठवलं: शादी का करेगा, म्हणजे घरचं. घरात संरक्षण नसलेली एकच डीव्हीडी होती. आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवातली एकांकिका, हौशी माणसाने मागच्या रांगेतून घेतलेली. तिच्यात मी हवालदार आहे. हवालदाराला दोन वाक्यं. पहिलं मी वेळेच्या आधी येऊन बोलतो, त्यामुळे दुसरं बोलायची वेळ येते तेव्हा खून अजून झालेला नसतो. नंतरची चार मिनिटं मी स्टेजवर नुसता उभा आहे आणि टोपी नीट करतो आहे. मागच्या रांगेतल्या माणसाने कॅमेरा पूर्ण वेळ माझ्यावरच धरला आहे.

ही डिस्क सॉफ्टवेअरने आनंदाने घेतली. आणि मग माझ्या डोक्यात खर्चाच्या विभागणीचं तत्त्व शिरलं. एकच प्रत काढली तर ती अठरा रियालांना पडते. दोन काढल्या तर नऊला. दहा काढल्या तर एक रियाल आठशे बैसा, म्हणजे चांगल्या दुकानातल्या डिस्कच्या भावात. जितक्या जास्त प्रती तितका तोटा कमी, असं कागदावर स्वच्छ दिसत होतं, आणि कागदावर स्वच्छ दिसलेल्या गोष्टीशी मी आयुष्यात कधी वाद घातलेला नाही. पहाटे दीडपर्यंत लॅपटॉप गरगरत होता. बायको मधे एकदा उठून आली, थप्पीकडे बघितलं, आणि काही न बोलता परत गेली.

दार्सैतच्या क्लबात, हळदीकुंकवाला, शाळेच्या बसथांब्यावर मी प्रती वाटल्या. लोकांनी घेतल्या, मराठी माणूस फुकटचं नाकारत नाही आणि बघतही नाही. काहींनी त्या बाल्कनीत दोऱ्याला टांगल्या आहेत, कबुतरं बिचकावीत म्हणून. कबुतरं बिचकत नाहीत. सासूबाई फेब्रुवारीत परत गेल्या, आपली डिस्क साडीच्या घडीत परत घालून, आणि जाताना माझ्या नाटकाच्या तीन प्रती मागून घेतल्या. पुण्यात आल्यागेल्याला त्या ती टोपीची चार मिनिटं दाखवतात असं कळतं. ‘बनवाबनवी’ची नवी डिस्क दादाने मार्चमध्ये आणली. पैसे घेतले नाहीत.

नाटकाच्या बऱ्याच प्रती आमच्याकडे अजून शिल्लक आहेत. मस्कतला येणं झालं तर रुवीत चक्कर टाका आणि एक घेऊन जा. रीजन कोड नाही, कुलूप नाही. पुढे तुम्ही तिच्या कितीही नकला काढल्यात तरी मूळ कलाकाराची काही हरकत असणार नाही.